ऐनावरची अळंबी: लाकूड कुजवणाऱ्या एका नव्या प्रजातीच्या वर्णनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

त्र्यंबकेश्वरहून हरसूलकडे जाताना लागणाऱ्या एका पाड्यावर, शेताच्या बांधाला एक जुना ऐन होता. या पट्ट्यात त्याला सादडा म्हणतात. नागलीच्या आणि भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, त्याच्या फांद्या वर्षा-दोन वर्षांआड छाटल्या जायच्या, त्यामुळे बुंधा कवेत न मावणारा आणि वर नुसते खुंट, असं त्याचं रूप झालं होतं. अशाच एका जुन्या छाटाखाली, जमिनीपासून सव्वा मीटरवर, घोड्याच्या खुराच्या आकाराची अळंबी खोडाला चिकटलेली होती. वरून काळपट आणि भेगाळलेली, खालून गंजाच्या रंगाची, आणि छिन्नी-हातोडीशिवाय निघणार नाही इतकी कडक.

नाशिकमधल्या एका महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग तालुक्यातल्या लाकूड कुजवणाऱ्या बुरशींची यादी करत होता. मनुष्यबळ म्हणजे एक संशोधक विद्यार्थिनी आणि तिचे मार्गदर्शक. हाताशी जुनी सूक्ष्मदर्शकं, एक ओव्हन आणि लाकडी कपाटातला छोटा नमुनासंग्रह. डिसेंबरमध्ये त्यांनी ही अळंबी काढली. झाड खाजगी मालकीच्या जमिनीत होतं. शेतमालकाची लेखी संमती त्याच दिवशी घेतली गेली आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला पत्र दिलं गेलं. हा कागद पुढे दोन ठिकाणी उपयोगी पडला.

शेतमालकांचं म्हणणं साधं होतं: "ताई, फणसांबा आहे हा. पोरांचं तोंड आलं की उगाळून लावतात." फणसाच्या खोडावर येणारी कडक अळंबी महाराष्ट्रात या नावाने औषधात वापरली जाते, आणि दिसायला ही तिच्याच घराण्यातली. पण हे नाव रूपाला आणि वापराला दिलेलं आहे. त्यात एकाहून जास्त प्रजाती बसू शकतात.

एक खुलासा आधीच केलेला बरा. शालेय पुस्तकांत जाती आणि प्रजाती हे शब्द उलटसुलट येतात. या लेखात प्रजाती म्हणजे स्पीशीज, आणि तिच्या वरच्या पातळीला सरळ जीनस म्हटलं आहे. व्यक्तींची, संस्थेची आणि पाड्याची नावं, तसंच प्रजातीचं अंतिम नाव, मुद्दाम वगळलं आहे.

नेमकी अडचण काय होती

पहिली ओळख अर्ध्या तासात झाली. अळंबीच्या तुटलेल्या गरावर ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की तो क्षणात काळा पडला. ही हायमेनोकीटेसी कुळाची खूण. इथे बरेच जण फसतात, कारण थेंब काळा पडला म्हणजे कूळ कळलं, प्रजाती अजिबात कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कवकतंतूंच्या सांध्यांवर क्लॅम्प (आकड्यासारखे जोड) नव्हते, छिद्रांमागच्या नळ्यांच्या आत काट्यासारख्या जाड तपकिरी सीटाही दिसल्या नाहीत. मेल्झरच्या आयोडीनयुक्त द्रावणात बीजाणूंचा रंग तांबूस झाला नाही, म्हणजे फोमिटिपोरिया जीनस बाजूला पडला. बीजाणू पिवळसर तपकिरी, जाड भिंतीचे. हे सगळं फल्विफोम्स या जीनसकडे बोट दाखवत होतं.

अडचण इथून सुरू झाली. जुन्या भारतीय याद्यांमध्ये ऐन, बाभूळ, चिंच, आंबा अशा कितीतरी झाडांवरच्या खुराच्या आकाराच्या, भेगाळ, तपकिरी अळंबीला 'फेलिनस रिमोसस' हे एकच नाव दिलेलं आढळतं. यातलं 'रिमोसस' हे नाव बुरशीतज्ज्ञ बर्कली यांनी १८४५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यावरून दिलं होतं. फल्विफोम्स हा जीनस मरिल यांनी १९१४ मध्ये मांडला, नंतर तो फेलिनसच्या मोठ्या पोत्यात गेला, आणि डीएनएच्या आधारावर ते पोतं उसवल्यावर पुन्हा वर आला. म्हणजे 'रिमोसस' हे नाव आपल्याकडे शंभरेक वर्षं ज्या अर्थाने वापरलं गेलं, तो अर्थच सैल होता.

नाशिककरांना जवळचं उदाहरण द्राक्षाचं आहे. युरोपातल्या द्राक्षवेलींचं खोड आतून कुजवणारी बुरशी अनेक वर्षं 'फोमिटिपोरिया पंक्टाटा' या नावाने लिहिली जात होती. २००२ मध्ये मिखाएल फिशर यांनी ती वेगळी प्रजाती असल्याचं दाखवलं आणि तिला 'फोमिटिपोरिया मेडिटेरानिया' असं नाव दिलं. बुरशी तीच होती, वेलीही त्याच. जुन्या नावाशी तिचा ताळा कुणी नीट केला नव्हता, एवढंच.

आपल्या ऐनावरच्या अळंबीची छिद्रं फार बारीक होती, एका मिलिमीटरमध्ये ७ ते ८. ओळख पटवायच्या किल्लीमधल्या 'रिमोसस'च्या वर्णनाशी ती जुळेनात. नमुन्यात बीजाणूही जेमतेम मिळत होते. डिसेंबर कोरडा असतो. बहुवर्षायू अळंबी वर्षभर झाडावर दिसते, म्हणून वर्षभर बीजाणू टाकते असं नाही.

समोरचे पर्याय

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे 'फेलिनस रिमोसस, ऐनावर, त्र्यंबक तालुका' अशी ओळ यादीत टाकून मोकळं व्हायचं. यादीच्या अहवालाला तेवढं पुरेसं होतं आणि कुणी आक्षेपही घेतला नसता. पण विद्यार्थिनीने छिद्रांची मोजणी तीन वेळा करून वहीत लिहिली होती, आणि ती ओळ खोडून पुढे जायला मार्गदर्शक तयार नव्हते.

दुसरा मार्ग घाईचा. हातात एक नमुना आहे, वेगळा दिसतोय, तर नवी प्रजाती म्हणून छापून टाका. शुल्क भरलं की आठवड्यात छापू, अशी ईमेल पाठवणारी नियतकालिकं कमी नाहीत. अशा ठिकाणी नियमांची पूर्तता अर्धवट राहिली तर नाव अवैध ठरतं आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला तो गुंता सोडवत बसावं लागतं.

तिसरा: नमुना परदेशातल्या एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेला देऊन टाकायचा. पण जैविक नमुना देशाबाहेर जाणं हा जैवविविधता कायदा, २००२ चा विषय आहे, त्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पाळावी लागते, आणि नमुना खाकी पाकिटात घालून टपालाने पाठवणं कायद्याचा भंग ठरू शकतं. शिवाय स्थानिक विभागाचं काम मग गोळा करण्यापुरतं उरलं असतं.

चौथा पर्याय पावसाळ्यापर्यंत थांबण्याचा. त्याच झाडावरून ताजा, बीजाणू टाकणारा नमुना, देशातच डीएनए, आणि शक्य तर दुसऱ्या झाडावरचा, दुसऱ्या गावातला नमुना. यात किमान दीड वर्ष जाणार होतं आणि विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती त्याआधी संपत होती. तरी हाच निवडला गेला. मात्र 'थांबू' म्हणताना झाड उभं राहील हे सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि ते पुढे महागात पडलं.

पावसाळ्यातला नमुना

ऑगस्टमध्ये त्याच झाडावर खालच्या बाजूला नवी, फिकट पिवळसर कड वाढलेली होती. यावेळी तयारी पक्की होती. आदल्या संध्याकाळी अळंबीच्या खाली दीड सेंटिमीटरवर स्वच्छ काचपट्टी दोऱ्याने टांगली. सकाळी तिच्यावर पिवळट तपकिरी भुकटी होती, म्हणजे अळंबीने स्वतः टाकलेले, पूर्ण वाढलेले बीजाणू. नळ्या खरवडून काढलेल्या बीजाणूंत कच्चे आणि सुरकुतलेलेही येतात आणि सरासरी बिघडते.

काढण्याआधी फोटो: पट्टीसह वरून, छिद्रांच्या बाजूने, आणि कापल्यावर उभ्या छेदाचा. मग झाडाची साल, पानं आणि फळ. पंख असलेलं फळ हाती असल्याशिवाय झाड ऐन की अर्जुनसादडा हा वाद मिटत नाही. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खोल भेगांची, अर्जुनाची गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. पण दरवर्षी ओरबाडलेल्या झाडावर सालीचा भरवसा धरू नये.

नमुने कागदी पिशव्यांत ठेवले. त्र्यंबकच्या पावसात प्लास्टिकच्या पिशवीतली अळंबी दुसऱ्या दिवशी हिरव्या बुरशीने माखते. वाळवताना ४० ते ४५ अंश सेल्सिअस, हवा खेळती. जाड नमुन्याचे दोन सेंटिमीटरचे काप केले, कारण खूर अखंड ठेवला तर बाहेरून खडखडीत आणि आतून ओला राहतो. वाळल्यावर हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे उणे २० अंशांवर, म्हणजे आतल्या भुंग्यांच्या अळ्या मरतात. डिसेंबरच्या नमुन्याला ही पायरी चुकली होती. डांबराच्या गोळ्यांवर विसंबून तो कपाटात ठेवला गेला आणि जूनपर्यंत त्याचा एक तृतीयांश भाग पीठ होऊन पिशवीच्या तळाशी बसला.

मोजमापात झालेली चूक

ऑगस्टच्या बीजाणूंची पहिली सरासरी ५.८ × ५.२ मायक्रोमीटर आली. विभागातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर तीच काचपट्टी मोजली, तर ५.३ × ४.८. अर्ध्या मायक्रोमीटरचा फरक बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटेल, पण या गटात दोन प्रजातींमधलं अंतर कधीकधी तेवढंच असतं.

कारण सापडायला दोन दिवस लागले. नेत्रिकेतली, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातली, मोजपट्टी एका सूक्ष्मदर्शकावर जुळवलेली होती आणि नेत्रिका काढून दुसऱ्यावर बसवताना 'एक भाग म्हणजे एक मायक्रोमीटर' हा आकडाही तसाच नेला गेला. मंचावरची मोजपट्टी, जिचा प्रत्येक भाग १० मायक्रोमीटरचा असतो, ठेवून पाहिल्यावर १०० पटीच्या तेलभिंगाखाली नेत्रिकेचे ५० भाग ४६ मायक्रोमीटरवर बसले. म्हणजे एक भाग ०.९२ चा. पहिल्या सगळ्या आकड्यांना ०.९२ ने गुणलं आणि दोन्ही मोजण्या जुळल्या.

एवढ्यावर ते थांबले नाहीत हे बरं झालं. आकडे गुणून दुरुस्त करण्याऐवजी सगळी मोजणी नव्याने केली: दोन अळंबींमधले प्रत्येकी ३० बीजाणू, कॉटन ब्लू या रंगद्रव्यात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बीजाणू फुगतात आणि गडद होतात, म्हणून त्यात रंग पाहायचा, लांबी मोजायची नाही. दोन्ही टोकांचे ५ टक्के आकडे कंसात, मधली व्याप्ती बाहेर, आणि लांबी भागिले रुंदी हे गुणोत्तर वेगळं. 'सीटा नाहीत' हे वाक्य लिहिण्याआधी दोन अळंबींमधले मिळून ४० छेद तपासले गेले. 'आहे' म्हणायला एक छेद पुरतो, 'नाही' म्हणायला पुष्कळ लागतात.

कवकतंतू वेगळे करण्यासाठी गराचा तांदळाएवढा तुकडा सौम्य अल्कलीत ४० अंशांवर रात्रभर ठेवून सुईने विंचरला. न भिजवता तोडलं की जाड भिंतीचे तंतू तुटतात, त्यांची टोकं फांद्यांसारखी दिसतात आणि तंतुरचनेचा निष्कर्षच उलटा निघतो.

डीएनए: पहिला निकाल भलताच

डिसेंबरच्या नमुन्यातून काढलेल्या डीएनएचा पहिला क्रम आला तेव्हा तो ट्रायकोडर्मा या मातीतल्या सामान्य बुरशीशी पूर्ण जुळला. जुन्या अळंबीच्या पृष्ठभागावर आणि नळ्यांत अशा बुरशी ठाण मांडून असतात, आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची पद्धत, ज्याचा डीएनए चांगला त्याचीच नक्कल करते.

ऑगस्टच्या नमुन्यात पद्धत बदलली. अळंबी फोडली, कापली नाही. फुटलेल्या ताज्या भागातून, वाढत्या कडेच्या आतून, निर्जंतुक चिमट्याने २० मिलिग्रॅम ऊती घेतली. डीएनए काढायला सीटॅब पद्धत, त्यात रंगद्रव्यं धरून ठेवणारं पीव्हीपी घालून, कारण या कुळातली तपकिरी रंगद्रव्यं डीएनएबरोबर उतरतात आणि पीसीआरचं विकर अडवतात. द्रावण तांबूस दिसत असेल तर आणखी डीएनए ओतून फायदा नाही, उलट ५० पट पातळ करावं. इथे नेमकं तेच केल्यावर जेलवर डीएनएचा पट्टा उठला.

डीएनएचा आयटीएस हा भाग २०१२ मध्ये बुरशींचा सर्वसाधारण बारकोड म्हणून पुढे आला. त्यासाठी आयटीएस-१-एफ आणि आयटीएस-४ हे प्रायमर, म्हणजे प्रत काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, वापरले. क्रमाच्या आलेखात काही ठिकाणी दुहेरी शिखरं आली. एकाच अळंबीत या भागाच्या किंचित वेगळ्या प्रती असल्या की असं होतं. म्हणून जोडीला रायबोसोमच्या मोठ्या उपघटकाच्या जनुकाचा भाग एलआर-शून्य-आर आणि एलआर-५ या प्रायमरनी वाचला.

जेनबँक या डीएनए क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात शोध घेतला तर सर्वांत जवळचे क्रम ९५ टक्क्यांच्या आसपास जुळत होते. विद्यार्थिनीने लगेच '९७ च्या खाली, म्हणजे नवी प्रजाती' असं लिहिलं. मार्गदर्शकांनी ते वाक्य कापलं. ९७ हा ढोबळ अंदाजाचा नियम आहे. काही जीनसमध्ये ९९ टक्के जुळणाऱ्या दोन वेगळ्या प्रजाती असतात. शिवाय जवळचा क्रम कुणाचा, हा खरा प्रश्न. 'फल्विफोम्स अमुक' असं नाव लावलेला क्रम कुणीतरी चुकीच्या ओळखीने टाकलेला असू शकतो. म्हणून या क्रमांचा वंशवृक्ष काढताना शक्य तिथे मूळ नमुन्यांपासून काढलेले क्रमच घेतले. त्या वृक्षात ही अळंबी स्वतःच्या फांदीवर बसली. पण फांदीवर एकटीच. एकटी फांदी म्हणजे प्रजाती, की एका नमुन्यातला दोष, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही.

झाड गेलं

पुढच्या मे महिन्यात झाड तोडलं गेलं. त्यात कुणाची चूक शोधण्यासारखं नाही. गाभा पोकळ झाला होता आणि पावसाळ्यात घरावर येईल ही भीती खरी होती. शेतमालकांनी आधी विचारलंही होतं, "याला काही फवारता येईल का?" येत नाही. अशी अळंबी बाहेर दिसते तेव्हा आतलं लाकूड कधीच पांढुरकं, स्पंजासारखं झालेलं असतं. ही पांढरी कूज. हिच्यात सेल्युलोजबरोबर लिग्निनही पचवलं जातं, म्हणून लाकडाचे तपकिरी चौकोनी ठोकळे होत नाहीत, धागे सुटतात. अळंबी उपटली तरी बुरशी खोडात राहते. बुरशी आत शिरते ती जखमेतून, आणि या झाडावर जखमा छाटणीने झालेल्या होत्या.

या निरीक्षणातूनच पुढचा रस्ता निघाला. दुसरा नमुना जंगलात कुठेही शोधण्याऐवजी राबासाठी छाटलेले ऐन शोधायचे, असं ठरलं. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत ही चाल अजून आहे. त्यातली काही झाडं वनविभागाच्या हद्दीत असल्याने रीतसर परवानगी काढली आणि ती यायला पावसाळ्याचा पहिला महिना गेला. ऑगस्टअखेर सुरगाण्याच्या बाजूला दोन झाडांवर तीच अळंबी मिळाली. छिद्रं तशीच, बीजाणू तसेच, आणि डीएनए पहिल्या नमुन्याच्या फांदीवरच बसला. आता वंशवृक्षाच्या त्या फांदीवर तीन झाडांवरचे नमुने होते.

होलोटाइप कोणता? इथे नाव अवैध होता होता वाचलं

लेखाच्या पहिल्या मसुद्यात होलोटाइप, म्हणजे प्रजातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो प्रमाण नमुना, म्हणून दोन संग्रहक्रमांक दिले होते: डिसेंबरचा आणि ऑगस्टचा. तर्क सरळ होता. झाड एकच, अळंबी तीच, डिसेंबरच्या नमुन्याचा आकार आणि फोटो उत्तम, ऑगस्टच्या नमुन्यात बीजाणू आणि डीएनए. दोन्ही मिळून एक पूर्ण चित्र.

नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेला हे चालत नाही. होलोटाइप हा एकाच वेळी, एकाच ठिकाणी केलेल्या एकाच संग्रहातला असावा लागतो. झाड तेच असलं तरी आठ महिन्यांच्या अंतराने काढलेले तुकडे म्हणजे दोन संग्रह, आणि दोन संग्रहांना मिळून टाइप म्हटलं की नाव वैधपणे प्रकाशितच होत नाही. बहुवर्षायू अळंबीच्या बाबतीत ही चूक सहज होते. दिसतं एकच शरीर, पण संहिता मोजते संग्रह.

निवड मग ऑगस्टच्या नमुन्याची झाली. दिसायला तो लहान आणि कापलेला, पण स्वतः टाकलेले बीजाणू त्याचे, डीएनए त्याचा. भुंग्यांनी खाल्लेला डिसेंबरचा नमुना 'तपासलेले इतर नमुने' यात गेला. सुरगाण्याचे दोन्हीही तिथेच. ऑगस्टच्याच संग्रहाचा दुसरा भाग आयसोटाइप म्हणून महाविद्यालयात ठेवला.

होलोटाइप कुठे ठेवायचा यावर विभागात थोडी नाराजी होती, "आपल्याकडचं आपल्याकडेच राहू द्या" अशी. पण जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीचा नमुना शासनाने नेमलेल्या भांडारात जमा करावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला आजरेकर कवक संग्रह जवळचा आणि या कामाचा. वाळका नमुना तिथे आणि जिवंत संवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी, तिथल्याच राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रहात गेलं. संवर्धन मिळवायला तीन प्रयत्न लागले. माल्ट अगर या खाद्यमाध्यमात बेनोमिल हे बुरशीनाशक ४ पीपीएम घातल्यावरच ट्रायकोडर्मा थांबला. बहुतेक छत्रीवर्गीय बुरशी बेनोमिल सोसतात.

नाव, क्रमांक आणि वेळेआधीची बातमी

पहिली इच्छा अर्थातच नाशिकचं नाव देण्याची. 'नाशिकेन्सिस' की इंग्रजी काळातल्या वर्तनीप्रमाणे 'नासिकेन्सिस', यावर चहाच्या टेबलावर दोन आठवडे गेले. अंजनेरीच्या नावाने 'सेरोपेजिया अंजनेरिका' ही कंदीलपुष्पाची प्रजाती आहेच, त्यामुळे मोह स्वाभाविक. ऐनावरून नाव द्यावं असंही आलं, पण ही अळंबी उद्या आंब्यावर सापडली तर ते नाव कायम दिशाभूल करत राहील. शेवटी बारीक छिद्रांवरून नाव ठरलं. फल्विफोम्स हा शब्द लॅटिनमध्ये पुल्लिंगी, म्हणून विशेषणही पुल्लिंगी. त्याच जीनसमध्ये ते नाव आधी वापरलं गेलेलं नाही याची खात्री बुरशींच्या नावांच्या इंडेक्स फंगोरम या सूचीत केली.

१ जानेवारी २०१३ पासून बुरशीच्या नव्या नावासाठी मान्यताप्राप्त नोंदणीस्थळाचा क्रमांक लागतो, आणि तो मूळ लेखातच छापलेला असावा लागतो. क्रमांक घेतला पण लेखात छापायचा राहिला, तर नाव वैध ठरत नाही. इथे मायकोबँक या नोंदणीस्थळाचा क्रमांक लेख स्वीकारला गेल्यावर घेतला आणि शेवटच्या प्रुफात दोनदा तपासला. वर्णन इंग्रजीत दिलं. २०१२ पासून लॅटिनची सक्ती नाही.

मधेच एक प्रसंग घडला. लेख परीक्षणात असताना महाविद्यालयाच्या प्रसिद्धी विभागाने 'नाशिकमध्ये नव्या अळंबीचा शोध' अशी टिपणी नावासकट तयार केली. वर्तमानपत्रात आलेल्या नावाला संहितेत काही किंमत नाही, पण नाव मोकळं फिरू लागतं, परीक्षकांनी जीनस बदलायला सांगितला तर खुलासे करत बसावं लागतं, आणि झाडाच्या जागेचा उल्लेख असेल तर फणसांबा म्हणून विकायला ती अळंबी ओरबाडली जाण्याची भीती वेगळीच. टिपणी थांबवली. प्राचार्य दोन दिवस नाराज होते.

औषधी वापराचा परिच्छेदही मसुद्यातून काढला गेला. वैदूंकडून ऐकलेलं ज्ञान त्यांच्या संमतीशिवाय छापणं योग्य नव्हतं, आणि ते याच प्रजातीबद्दल आहे याचा पुरावाही नव्हता.

निष्पत्ती

परीक्षकांनी तीन गोष्टी मागितल्या: जवळच्या प्रजातींशी तुलनेचा तक्ता, हाताने काढलेल्या सूक्ष्म रेखाकृती, आणि 'रिमोसस'चा मूळ नमुना पाहिला का याचं उत्तर. तिसरं अवघड होतं. मोठी हर्बेरियम नमुने व्यक्तींना देत नाहीत, नोंदणीकृत संस्थेला देतात, आणि महाविद्यालयाचा संग्रह तसा नोंदलेला नव्हता. शेवटी मूळ नमुन्यावर आधी प्रसिद्ध झालेल्या वर्णनांवर तुलना केली आणि लेखात तसं स्पष्ट लिहिलं. परीक्षकांनी ते मान्य केलं. पहिल्या नमुन्यापासून लेख प्रसिद्ध होईपर्यंत अडीच वर्षं गेली. संमतीचं पत्र आणि वनविभागाची परवानगी, दोन्ही संपादकांनी मागितली. भांडारात नमुना देतानाही तीच लागली.

वेगळं काय करता आलं असतं

डिसेंबरमध्येच, वेगळेपणाची शंका आली त्या दिवशी, शेजारच्या तालुक्यांतली छाटलेली झाडं पाहायला हवी होती. एका झाडावर सगळी भिस्त ठेवल्याने एक पावसाळा हातचा गेला. ते झाड ऑगस्टआधी पडलं असतं तर होलोटाइप भुंग्यांनी खाल्लेला, बीजाणू नसलेला राहिला असता.

पहिल्याच नमुन्याचा वाटाण्याएवढा तुकडा सिलिका जेलमध्ये टाकला असता तर ट्रायकोडर्माचा फेरा कदाचित टळला असता. खर्च काहीच नव्हता. नेत्रिकेवर जुळवणीचा आकडा आणि सूक्ष्मदर्शकाचा क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी लावायला पाच मिनिटं लागतात. ती आता लावलेली आहे.

मूळ नमुन्याची मागणी पुण्याच्या संस्थेमार्फत सुरुवातीलाच केली असती तर ती बहुधा मिळाली असती. शेवटी, परीक्षकांनी विचारल्यावर, वेळ उरला नव्हता. लेखातली ही बाजू अजून कच्ची आहे आणि पुढच्या कुणी 'रिमोसस'चा मूळ डीएनए वाचला तर तक्त्यातली एक ओळ बदलावी लागेल.

होलोटाइप निवडण्याचा निर्णय मात्र तसाच ठेवावा असा आहे, जरी डिसेंबरचा फोटो मुखपृष्ठावर जास्त शोभला असता.

एक गाठ सुटायची राहिली आहे. सुरगाण्याच्या दोन नमुन्यांपैकी एकात बीजाणूंची सरासरी लांबी ०.३ मायक्रोमीटरने जास्त आहे. डीएनएच्या दोन्ही भागांत फरक नाही. ते झाड सध्या उभं आहे, आणि खोडावर चुन्याने खूण करून ठेवली आहे.